राउटर दुसऱ्या देशात नेताय? आधी देश बदला

अमेरिकेतून राउटर जर्मनीत आणलात तर सेटिंगमधला ‘देश’ आधी बदला. अमेरिकेतल्या बऱ्याच राउटरमध्ये हा पर्याय बंदच असतो. तसं असेल तर सरळ जर्मनीतला नवा घ्या, शेजाऱ्यांच्या वायफायवर गोंगाट करू नका.

राउटरला किती ताकदीने सिग्नल सोडायची परवानगी आहे, यात देशोदेशी फरक मोठा आहे. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात अमेरिकेत अँटेना धरून साधारण ३६ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप), म्हणजे ४ वॅट चालतात; भारतातही ४ वॅट. युरोपात मात्र २० डीबीएम, म्हणजे जेमतेम १०० मिलिवॅट!

अँटेना हिशोबात धराच. माझ्या म्युनिकच्या घरी ५ डीबीआयचा (अँटेना सिग्नल किती वाढवतो त्याचं माप) अँटेना आहे, म्हणून ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये देश जर्मनी निवडून पॉवर १५ डीबीएम ठेवलीय. १५ अधिक ५, झाले २०. पॉवर वाढवून तसाही फारसा फायदा नाही, कारण फोनचं उत्तर त्याच्या क्षीण ताकदीनेच परत येतं.

जर्मनीत ५ गिगाहर्ट्झवर १२० ते १२८ चॅनल निवडलात तर राउटर आधी १० मिनिटं हवामान रडार आहे का ते ऐकतो. तोवर वायफाय दिसत नाही. घाबरून रीस्टार्ट करू नका, १० मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात.