कॉम्प्रेशन कमी आलं? आधी कान लावा
कॉम्प्रेशन चाचणी म्हणजे सिलिंडरमध्ये प्रति चौरस इंच ८० पौंड दाबाने हवा सोडायची आणि त्यातला किती दाब टिकतो ते बघायचं. सेस्ना १७२ या छोट्या विमानाच्या लायकमिंग इंजिनात एका सिलिंडरला ८० पैकी ५८ आले, की आमची नवी पोरं सिलिंडर काढायला लगेच पाना शोधतात. थांबा. इंजिन गरम होतं ना? नसेल तर जमिनीवर चालवून पुन्हा मोजा. प्रोपेलर एकाने घट्ट धरायचाच. हवेच्या दाबाने तो फिरला तर हात मोडेल.

मग हवा कुठून गळतेय ते ऐका. एक्झॉस्टच्या नळीतून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळका वायू बाहेर सोडणारी झडप) गळतोय, कार्ब्युरेटरकडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह (मिश्रण आत घेणारी झडप). तेल भरायच्या तोंडाशी आली तर पिस्टनच्या रिंगा. तिथे थोडी हवा सुटतेच.

एक्झॉस्ट व्हॉल्व्हची शंका आली की मी सिलिंडरमध्ये बोअरस्कोप (आतलं दाखवणारा बारीक कॅमेरा) घालतो. व्हॉल्व्हच्या कडेला एकाच बाजूला चंद्रकोरीसारखा वेगळ्या रंगाचा डाग दिसला, तर व्हॉल्व्ह जळतोय. ते विमान मी उडू देत नाही.