व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरमधून समाधानकारक खर्ज कसा मिळवावा

व्हॉल्व्ह म्हणजे काचेच्या निर्वात नळीवर चालणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरवर गळा सुरेख लागतो, पण डग्ग्याची घुमक सैल पडते, ही तक्रार जुनी आहे. दोष बहुधा कमी वॅटचा नसतो. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरचा आउटपुट इम्पीडन्स (आतला विद्युत अडथळा) जास्त असल्यामुळे स्पीकरच्या कोनवर त्याची पकड कमी राहते. ही पकड सांगणारा डॅम्पिंग फॅक्टर ट्रान्झिस्टरच्या यंत्रात शंभराच्या पुढे सहज जातो. फीडबॅक (आउटपुटचा काही भाग इनपुटला परत देणे) नसलेल्या ३००बी सिंगल-एंडेडमध्ये, म्हणजे ३००बी जातीची एकच नळी सगळा सिग्नल वाहते अशा यंत्रात, तो २ ते ४ इतकाच भरतो. त्यामुळे ज्याला आवरावे लागणार नाही असा स्पीकर निवडणे, हाच यातला मुख्य उपाय आहे.

३००बीची एक नळी सुमारे ८ वॅट देते, तर ईएल३४ जातीच्या नळ्यांची पुश-पुल (आळीपाळीने सिग्नल वाहणारी) जोडी ३० ते ४० वॅट. स्पीकरची संवेदनशीलता (ठरावीक वॅटमध्ये तो किती मोठा वाजतो ते माप) ३ डेसिबलने घटली की तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट वॅट लागतात. म्हणून ३००बीला ९५ डेसिबलच्या आसपासचा स्पीकर द्यावा, ईएल३४ला ९० चालतो. त्याहून महत्त्वाचा स्पीकरच्या इम्पीडन्सचा आलेख, म्हणजे कोणत्या स्वराला त्याचा अडथळा किती याचे चित्र. तो जिथे उंच चढतो तिथे व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाजही वाढतो आणि नेमका तिथेच बास फुगतो. पोर्ट (हवेसाठी ठेवलेले भोक) असलेल्या पेटीत असे दोन उंचवटे असतात, बंद पेटीत एकच, म्हणून माझे मत बंद पेटीकडे झुकते. पोर्टची पेटी आधीच घरात असेल, तर पोर्टमध्ये मोज्याचा सैल बोळा घालून ऐकावे. हा उपाय हास्यास्पद दिसतो, पण लागू पडतो.

स्पीकरवर ८ ओहम लिहिलेले असले तरी एकदा ४ ओहमच्या टर्मिनलवर जोडून पाहावे. शक्ती थोडी कमी होते, पकड मात्र वाढते. जोडणी बदलताना अ‍ॅम्प्लिफायर बंद असावा, आणि स्पीकर न जोडता तो कधीही वाजवू नये, कारण आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. खोल बास याच ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडावर अवलंबून असतो, त्यामुळे सारख्या वॅटच्या दोन यंत्रांपैकी जड यंत्र सहसा उजवे ठरते. पुश-पुलमध्ये दोन नळ्यांचे प्रवाह समान नसतील, तर हेच लोखंड लवकर संपृक्त होते, म्हणजे आणखी चुंबकत्व घेऊ शकत नाही, आणि बास गढूळ येतो. बायस (नळीचा स्थिर प्रवाह ठरवणारी जुळवणी) मात्र जाणकार तंत्रज्ञाकडूनच तपासून घ्यावा. आत ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये टिकतो.

यानंतर खोली. दहा फूट बाय दहा फूट खोलीत ५६ हर्ट्झच्या आसपासचा स्वर लांबीतही घुमतो आणि रुंदीतही, म्हणून चौरस खोली शक्यतो टाळावी. खोलीच्या बरोबर मध्यभागी बसल्यास हाच स्वर जवळजवळ नाहीसा होतो. बैठक हात-दोन हात मागे सरकवली तरी फरक कळतो. सांगलीतल्या जुन्या वाड्यांची लाकडी तक्तपोशी (फळ्यांचे छत) थोडा बास शोषून घेते, स्लॅबची खोली तो परतवते. भिंतीवर घोंगडी टांगल्याने टाळीचा खणखणाट जातो, बासला मात्र तिचा पत्ताही लागत नाही. स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून अर्धा-अर्धा फूट पुढे आणत जावे.

परीक्षेसाठी मिरजेच्या तंबोऱ्यासारखे साधन नाही. पुरुषाचा सूर काळी एक (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी) असेल, तर खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर बोलते. ती तार छेडल्यावर जवारीसकट (तारेच्या झणकारासकट) गोल ऐकू आली आणि पुढच्या तारेवर सांडली नाही, म्हणजे जुळवणी झाली. एवढ्यासाठी सबवूफरची, म्हणजे फक्त खोल बास वाजवणाऱ्या वेगळ्या स्पीकरची, गरज नाही. तरीही हवा असेल, तर स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला घ्यावा, त्याच्या हाय-लेव्हल इनपुटला स्पीकरच्या टर्मिनलवरून सिग्नल द्यावा, क्रॉसओव्हर (ज्याखालचे स्वर सबवूफर वाजवतो ती मर्यादा) ५० ते ६० हर्ट्झवर ठेवावा आणि सबवूफर वाजतो आहे हे कळेनासे होईपर्यंत त्याचा आवाज कमी करावा.