इंग्रजी लेखात लॅटिन वापरताय? या चुका टाळा

सोलापुरात गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेतल्या जत्रेची, तयारी सुरू होते त्याच सुमारास समाजशास्त्र, इतिहास आणि इंग्रजीच्या विद्यार्थ्यांची प्रकल्प आणि शोधनिबंध पुरे करण्याची धावपळही सुरू होते. विषय बहुतेक आपल्याच मातीतले असतात: सिद्धेश्वर यात्रा, पंढरीची वारी, पूर्व भागातले विणकर, 1930 चा लष्करी कायदा. लिहायचं असतं इंग्रजीत. मग लेखाला वजन यावं म्हणून मध्येच कुठेतरी लॅटिन शब्दप्रयोग येऊन बसतो. असे लेख मी नेहमी तपासतो. व्याकरणाची चूक लाल पेनाने सुधारता येते. चुकीच्या जागी बसलेलं लॅटिन मात्र अख्ख्या परिच्छेदाचा अर्थ फिरवतं आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

असं होण्याला कारण आहे. धर्म आणि समाज या विषयांवरच्या लेखनात फिरणारं लॅटिन बहुतेक चर्चमधून, रोमन कायद्यातून किंवा युरोपातल्या पंथांच्या भांडणांतून आलेलं आहे. ते सोलापुरात आलं तरी आपलं गोत्र बरोबर घेऊन येतं. तुमच्या लेखाचा परीक्षक किंवा बाहेरगावचा वाचक त्या गोत्राला ओळखत असेल, तर तो तुमचं वाक्य तुम्हाला नको असलेल्या अर्थाने वाचतो.

लोकांचा आवाज

सगळ्यात जास्त घोळ होतो तो 'व्हॉक्स पॉप्युली, व्हॉक्स डेई' या वचनाचा. लोकांचा आवाज तोच देवाचा आवाज. आपल्याला हे ऐकताक्षणी पटतं, कारण 'पाचामुखी परमेश्वर' आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. म्हणून चार हुतात्म्यांवरच्या लेखात हे वचन हटकून येतं. मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटून उठलं, सरकारने शहरात लष्करी कायदा पुकारला आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. अशा लेखात, रस्त्यावर उतरलेल्या सोलापूरकरांचं वर्णन झाल्यावर, विद्यार्थी मोठ्या अभिमानाने हे लॅटिन वचन लिहितो.

आता त्या वचनाचा उगम बघा. ते ज्या जुन्या पत्रामुळे प्रसिद्ध आहे, ते यॉर्कचा विद्वान अल्क्विन याने इ.स. 800 च्या आसपास शार्लमेन राजाला लिहिलेलं. त्यात तो राजाला बजावतो की लोकांचा आवाज तोच देवाचा आवाज असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नये, कारण गर्दीचा गोंधळ नेहमी वेडाच्या अगदी जवळ असतो. म्हणजे वचन त्याने दिलं ते खोडून काढण्यासाठी! हा संदर्भ माहीत असलेला वाचक सोलापूरच्या 1930 वरच्या लेखात ते वचन वाचतो तेव्हा त्याला मागून 'बेभान जमाव' ऐकू येतो. लष्करी कायद्याचं समर्थन करणाऱ्या बाजूची भाषा तर हीच होती. ज्या माणसांचा गौरव करायला तुम्ही लिहायला बसलात, त्यांच्यावरच तुमच्या लेखणीतून ठपका येतो. मला हे फार लागतं.

या वचनाला दुसरीही बाजू आहे. 1327 मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या एडवर्ड राजाला गादीवरून दूर केलं गेलं, तेव्हा कँटरबरीचा आर्चबिशप वॉल्टर रेनॉल्ड्स याने हेच वचन घेऊन प्रवचन केलं, आणि तेही लोकांच्या बाजूने. त्यामुळे वापरायचंच असेल तर कोणत्या अर्थाने वापरताय ते पुढच्याच वाक्यात सांगा. माझं विचाराल तर 'पाचामुखी परमेश्वर' हेच रोमन लिपीत लिहून एका ओळीत उलगडा करावा. त्यात एकत्र बसून बोलणारी माणसं दिसतात, बेभान गर्दी दिसत नाही. तुम्हाला म्हणायचं असतं ते त्यात जास्त नेमकं येतं.

गाभाऱ्याला काय म्हणायचं

भारतातल्या इंग्रजीत गाभाऱ्याला 'सँक्टम सँक्टोरम' म्हणायची रीत इतकी मुरली आहे की तिच्याकडे कोणी वळूनही बघत नाही. वर्तमानपत्रात, पर्यटनाच्या पत्रकात, देवस्थानाच्या फलकावर सगळीकडे तेच. शब्द बायबलच्या लॅटिन भाषांतरातून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ जेरुसलेमच्या यहुदी मंदिरातली सर्वांत आतली खोली. तिथे फक्त मुख्य पुरोहिताने जायचं, तेही वर्षातून एकाच दिवशी, प्रायश्चित्ताच्या सणाला. बाकी कोणाचीही सावलीसुद्धा तिथे पडायची नाही. इ.स. 70 मध्ये रोमनांनी ते मंदिर उद्ध्वस्त केलं.

हे चित्र डोळ्यांसमोर ठेवून पंढरपूरला या. विठ्ठलाचं पदस्पर्श दर्शन म्हणजे काय? बारीत तासन् तास उभा राहिलेला शेतकरी, भाजीवाली, कंडक्टर आत जातो आणि देवाच्या पायांवर सरळ डोकं टेकवतो. विठोबाची ओळखच ही जवळीक आहे. अशा ठिकाणाला वर्षातून एकदा एकाच माणसाला उघडणाऱ्या खोलीचं नाव दिलं, की वारीवरच्या लेखाचा गाभाच हातातून निसटतो.

एका विषयात मात्र हा शब्द खरंच काही सांगू शकतो. चोखोबांची समाधी मंदिराबाहेर महाद्वारासमोर आहे. अस्पृश्य मानलेल्या समाजाला विठ्ठलाचं दार शतकानुशतकं बंद होतं आणि ते उघडलं साने गुरुजींनी मे 1947 मध्ये केलेल्या उपोषणानंतर. मंदिरप्रवेशावर लिहिताना तुम्ही जेरुसलेमच्या बंद खोलीची तुलना मुद्दाम, उघडपणे मांडलीत, तर लॅटिन कामाला येईल. नुसतं सवयीने लिहिलंत तर नाही.

इतर वेळी 'गाभारा' किंवा 'गर्भगृह' रोमन लिपीत लिहा. सिद्धेश्वर मंदिरावर लिहिणाऱ्या, घरी कन्नड बोलणाऱ्या विद्यार्थ्यांनी 'गर्भगुडी' लिहिलं तरी मला आनंदच होईल. लॅटिनच ठेवणार असाल तर निदान स्पेलिंग नीट ठेवा. दुसऱ्या शब्दात 'एस' नंतर 'ए, एन, सी' येतात. तो 'सी' गळालेला फलकांवर मी अनेकदा पाहिला आहे. नुसतं 'सँक्टोरम' असंही लिहू नका, त्याने वाक्य अर्धवट राहतं.

लॅटिन वाटतं, पण नाही

सिद्धेश्वर यात्रेतल्या अक्षता सोहळ्यावर लिहिताना हल्ली 'हिएरोस गामोस' हा शब्द दिसू लागला आहे, आणि त्याच्यापुढे 'लॅटिन संज्ञा' अशी टीप. ही संज्ञा ग्रीक आहे. अर्थ पवित्र विवाह, आणि अभ्यासक ती मुख्यतः देवदेवतांच्या मीलनासाठी, सुफलतेच्या विधींसाठी वापरतात. इथे मला भाषेच्या चुकीपेक्षा अर्थाची चूक मोठी वाटते. संमती कट्ट्यावर अक्षता पडतात त्या कशाच्या? कुंभारकन्येने सिद्धरामेश्वरांशी, म्हणजे ज्यांची ही यात्रा त्या सिद्धेश्वरांशी, लग्नाची इच्छा धरली, त्यांनी आपण विरक्त असल्याचं सांगितलं आणि तिचं लग्न लागलं ते त्यांच्या योगदंडाशी, अशी कथा आहे. पांढरी बाराबंदी घातलेले भक्त नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, पेलत येतात, 'हर्र बोला हर्र' चा गजर होतो, हजारो हात एकदम वर जातात. हा सोहळा एका विरक्ताच्या नकाराचा आणि तरीही त्या मुलीचा मान राखण्याचा आहे. त्याला मीलनाचा विधी म्हणणं म्हणजे कथेच्या नेमकं उलट बोलणं. सरळ सांगा: कोणाचं लग्न, कशाशी, का. परदेशी वाचकालाही ते जास्त भिडेल.

'लिंग्वा फ्रँका' (वेगवेगळ्या भाषिकांची समाईक भाषा) ही संज्ञासुद्धा इटालियन आहे, भूमध्य समुद्राच्या बंदरांतल्या व्यापाऱ्यांच्या मिश्र बोलीवरून आलेली. 'रेझाँ देत्र' आणि 'व्हिज-आ-व्ही' फ्रेंच. यांना लॅटिन म्हणू नका, एवढंच.

ज्याचं नाही त्याच्या नावावर

अंधश्रद्धेवरच्या निबंधात 'क्रेडो क्विया अब्सर्डम' येतं: हे असंबद्ध आहे, म्हणूनच मी मानतो. खाली नाव टर्टुलियनचं. कार्थेजच्या या ख्रिस्ती लेखकाने तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलं ते वेगळं होतं. देवाचा पुत्र मेला ही गोष्ट विसंगत वाटते आणि म्हणूनच ती विश्वसनीय आहे, अशा अर्थाचं ते वाक्य आहे, आणि ते एका लांबलचक वादातलं, समोरच्याला उत्तर देताना लिहिलेलं. आज फिरतं ते रूप नंतरच्या काळात घडलं. बुद्धीला रजा देऊन विश्वास ठेवा, असा उपदेश त्यात शोधणं त्याच्यावर अन्याय आहे.

इथे आपल्या लेखालाही धोका आहे. जादूटोणाविरोधी कायदा 2013 चा, त्याची लढाई महाराष्ट्राची, त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचलं. त्या विषयावर लिहिताना तुमचा पहिलाच दाखला खोटा निघाला, तर विरोधकाच्या हातात आयतं कोलीत. विवेकाची बाजू मांडणाऱ्याने दाखला दोनदा तपासलाच पाहिजे.

'एक्स कॅथेड्रा', म्हणजे पोपने आपल्या पदाच्या पूर्ण अधिकाराने केलेली घोषणा, हे असंच जरा सांभाळून. मठाच्या स्वामीजींनी प्रवचनात काही सांगितलं की ते 'एक्स कॅथेड्रा' होत नाही. 1870 च्या व्हॅटिकन परिषदेने पोपच्या अशा वचनाला कडक अटी घातल्या. श्रद्धा किंवा नीतीचा विषय हवा आणि सगळ्या चर्चवर बंधनकारक अशी घोषणा हवी. त्यानंतर हा अधिकार उघडपणे वापरला गेला तो 1950 मध्ये, मरियेच्या स्वर्गारोहणाच्या सिद्धांतासाठी. मठांची रचना वेगळी, तिथल्या अधिकाराची उगमस्थानंही वेगळी.

'कुइउस रेगिओ, एइउस रेलिगिओ' म्हणजे राज्य ज्याचं, धर्म त्याचा. आदिलशाही किंवा निजामी मुलखावर लिहिताना ते ठोकून दिलेलं दिसतं. हे सूत्र 1555 च्या ऑग्सबुर्ग तहाचं सार आहे. जर्मन राजांनी कॅथलिक किंवा लुथरन यांपैकी एक पंथ निवडायचा, प्रजेने तो पाळायचा, न पटल्यास मुलूख सोडायचा. कॅल्व्हिनवादी या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाला तर त्यात जागाच नव्हती. दख्खनमध्ये असा नियम नव्हता. सुलतानांच्या मुलखात पंढरीची वाट चालत राहिली, हे सोलापूरकराला कोणी सांगायला नको. हे वचन इथे लावूच नका.

दोन अक्षरांत माणसं गायब

'आय.ई.' आणि 'ई.जी.' यांची अदलाबदल किरकोळ वाटते. पहिल्याचा अर्थ 'म्हणजेच', दुसऱ्याचा 'उदाहरणार्थ'. आता हे वाक्य बघा: सोलापूरच्या भाषा, आय.ई. मराठी आणि कन्नड. झालं! पूर्व भागातले तेलुगू बोलणारे पद्मशाली गेले, उर्दू बोलणारे मोहल्ले गेले. 'ई.जी.' लिहिलं असतं तर सगळे शाबूत राहिले असते. जात, पंथ, भाषा यांच्या याद्या देताना पेन इथे थांबलंच पाहिजे. 'ई.जी.' ने सुरू केलेल्या यादीच्या शेवटी 'एट्सेट्रा' नको, आणि 'एट अल.' ('आणि इतर') मध्ये पूर्णविराम फक्त दुसऱ्या शब्दानंतर.

स्पेलिंगच्या नेहमीच्या चुका पटकन सांगतो. न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली तर 'सुओ मोटू', शेवटी 'यू'. 'ओ' लिहितात तो चूक. श्रद्धांजलीच्या पानावर 'इन मेमोरियम', त्याचा शेवट 'आय, ए, एम'. 'अ‍ॅड नॉझियम' (वीट येईपर्यंत) चाही शेवट 'ए, एम'. 'पर से' (मुळात, स्वतःच) मधला 'से' दोनच अक्षरांचा, 'एस' आणि 'ई'.

मसुदा हातात घेऊन

छापण्याआधी लेखातल्या प्रत्येक लॅटिन शब्दप्रयोगाखाली पेन्सिलने रेघ मारा आणि ते शब्द झाकून वाक्य वाचा. अर्थ पूर्ण लागला तर लॅटिन शोभेपुरतं होतं, काढून टाका. अर्थ अडला तर तिथे साध्या इंग्रजीत काय लिहिता येईल ते आधी लिहून बघा.

उरलेल्यांसाठी चांगला कोश उघडा, आणि वचन असेल तर ते ज्या पत्रातून, ग्रंथातून आलं त्याचं आधीचं आणि नंतरचं वाक्यही वाचा. अल्क्विनची गोष्ट तेवढ्यानेच लक्षात आली असती. वचनांच्या याद्या देणाऱ्या संकेतस्थळांवर विसंबू नका, तिथे नाव आणि वाक्य यांची सर्रास अदलाबदल झालेली असते.

'स्टेटस क्वो', 'डी फॅक्टो' असे इंग्रजीत रुळलेले शब्द तिरप्या अक्षरांत नकोत, अनोळखी शब्दप्रयोग तिरपे करा आणि पहिल्यांदा येतील तिथेच अर्थ द्या. तोच मान नंदीध्वज, बारी, योगदंड या शब्दांनाही द्या. त्यांचं रोमन स्पेलिंग पहिल्या पानावर ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. मार्गदर्शकांनी लॅटिन हवंच असं सांगितलं, तर त्यांना तो शब्दप्रयोग आणि त्याचं मूळ वाक्य दोन्ही एकाच कागदावर लिहून दाखवा. निम्म्या वेळा तेच म्हणतील, राहू दे, गाभाराच लिही.