दुसऱ्याच्या प्रपोजलसाठी जागायची नोकरी: शिरायचं कसं

पीएचडी झाली, सेट (प्राध्यापकीची राज्य पात्रता परीक्षा) झालं, सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) चार वर्षं काढली आन् पर्मनंट जागा काही निघंना, असे आमच्या मराठवाड्यात लै जण आहेत. मीबी त्यातलाच, बॉटनीवाला. आता मी विद्यापीठाच्या रिसर्च सेलमधी बसून दुसऱ्यांची ग्रँट प्रपोजलं, म्हणजे संशोधनाला पैसे मागायचे अर्ज, उभी करून देतो. यूजीसीनं 2022 ला असे सेल काढायच्या गाइडलाइन्स दिल्या, पण बऱ्याच कॉलेजांत बोर्ड लागला आन् आत एखादे सर, तेबी लेक्चरं सांभाळून. म्हणून जाहिरातीची वाट बघू नका, आधी काम धरा.

पहिलं म्हणजे आपल्या गाइडकडं जायचं आन् म्हणायचं, सर तुमचं रिजेक्ट झालेलं एखादं प्रपोजल द्या, रिव्ह्यूअरच्या शेऱ्यांसकट. द्यायला लाजतात, मागं लागा. मला पहिलं भेटलं ते तुरीच्या मर रोगावरचं. दीड पान मर किती वाईट यावरच, आन् फ्युजॅरियमचं (मर आणणाऱ्या बुरशीचं) नेमकं काय तपासणार ते थेट चौथ्या पानावर. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात तुरीवर एवढं काम झालंय, त्यापेक्षा तुमचं वेगळं काय, याचा तर पत्ताच नाही. रिव्ह्यूअरनं लिहिलं होतं उद्दिष्टं धूसर, सरांना वाटलं खुन्नस काढलीय. मी चौथ्या पानावरचं वाक्य पहिल्या पानावर आणलं आन् पाच उद्दिष्टांची तीन केली, तर सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, मग तिसऱ्या दिवशी चहाला बोलावलं.

विषय आपला नसला तरी घाबरू नका, उलट बरंच असतंय. एकच विचारायचं, सर पैसे भेटले तर पहिल्या सोमवारी सकाळी लॅबमधी काय करणार? उत्तर अडखळलं की मेथडॉलॉजी कच्ची आहे समजा.

आपली खरी किंमत कळते ती बजेटमधी. जेआरएफची (प्रोजेक्टवरच्या ज्युनियर रिसर्च फेलोची) फेलोशिप जानेवारी 2023 पासून महिना 37,000 आहे, पण मागच्या प्रपोजलमधून कॉपी मारलेलं 31,000 अजून दिसतंय. वर एचआरए (घरभाडं भत्ता), तो शहराच्या वर्गावर: औरंगाबाद, नांदेड वाय वर्गामधी, परभणी झेड मधी. डीप फ्रीझर मागितला तर लाइट गेल्यावर काय, बॅकअप कुठाय, तेबी तिथंच लिहा, नाहीतर सँपल उन्हाळ्यात गेलेच. प्रवासखर्च तालुकेनिहाय मांडा, किती गावं, किती फेऱ्या. "ट्रॅव्हल, दोन लाख" असं मोघम लिहिलं की कात्री लागते. आन् फॉर्म दरवेळी नवा डाउनलोड करा, 2023 च्या कायद्यानं सर्बचं (ग्रँट देणारं केंद्राचं जुनं मंडळ) काम एएनआरएफ या नव्या संस्थेकडं गेलं तरी सर्बच्या नावाचा जुना नमुना भरून आणणारे आहेत अजून.

सह्यांचं लै बेकार. एकदा सगळं तयार, डेडलाइन पाच वाजता, आन् एंडोर्समेंट लेटरवर (संस्थेच्या संमतीपत्रावर) सही करणारे साहेब मुंबईला मीटिंगला, फोन बंद. पोर्टल बंद झालं, सहा महिन्यांचं काम तसंच पडलं. तवापासून मी सहीचं पत्र आठ दिवस आधीच फिरवतो, प्रपोजल अर्धं असलं तरी.

मंजूर झालं म्हणून सुटका नाही. मार्च संपला की युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे कशावर खर्च झाले त्याचा दाखला) लागतंय, अकाउंट सेक्शनच्या बाबूशी ओळख ठेवा, त्याचा जीएफआरमधला (केंद्राच्या वित्त नियमांमधला) 12-ए फॉर्म समजून घ्या, कारण हिशोब अडकला की पुढचा हप्ताबी अडकतो.

पगाराचं स्पष्ट सांगतो, बहुतेक जागा कंत्राटी, अकरा महिन्यांच्या. रिसर्च मॅनेजमेंट म्हणून या कामाला वेगळं करिअर मानायला आपल्याकडं आत्ता कुठं सुरुवात झालीय, इंडिया अलायन्स या संशोधनाला पैसे देणाऱ्या संस्थेनं 2018 ला त्यासाठी खास उपक्रम काढला, त्यांच्या ट्रेनिंगवर नजर ठेवा. आन् प्रपोजलवर आपलं नाव नसतंय, पेपरवर तर नाहीच. म्हणून प्रत्येक कामानंतर विभागाच्या लेटरहेडवर एक पत्र मागून घ्या, कोणता भाग तुम्ही केला, किती रकमेचं होतं. मंजूर न झालेल्याचंबी घ्या. सर रिटायर व्हायच्या आधी घ्या.