डिस्क पुसून विंडोज ११ टाकताना

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. तेव्हापासून घरातले तीन लॅपटॉप मी ११ वर नेले, तिन्ही डिस्क पूर्ण पुसून. विंडोज टाकणं सोपं आहे. जीव लावून करायचं ते पुसण्याआधीचं काम.

भावाच्या लॅपटॉपचं अख्खं डेस्कटॉप फोल्डर मी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतलं नि निर्धास्त झाले. नंतर उघडलं तर आत नुसते शॉर्टकट. मूळ फाइली 'डी' ड्राइव्हवर होत्या, आणि तो मी उडवलेला. त्याच्या दोन वर्षांच्या नोंदी गेल्या. मला ते अजून सलतं. आता बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून, प्रत्येक फोल्डरमधल्या दोन-तीन फाइली उघडून पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही. ब्राउझरचे बुकमार्क, पासवर्ड, आउटलुकची पीएसटी फाइल (ज्यात ईमेल साठतात ती) आणि वेगळे टाकलेले मराठी फॉन्ट हमखास राहतात. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ते उघडणारी ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवा. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) काही बदललं की जुनी विंडोजच ती मागू शकते.

मशीन ११ ला चालतं का, हे मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक ॲप सांगतं; टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतंच. मग निदान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या (तोही पुसला जातो) आणि मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने त्यावर विंडोज ११ चा सेटअप तयार करा. तयार झाल्यावर त्यावरच वायफायचा ड्रायव्हर (वायफाय चालवणारं सॉफ्टवेअर) टाका. सेटअप मध्येच इंटरनेट मागतो, आणि ड्रायव्हर नसला की तिथेच अडकतो.

लॅपटॉप चालू करताना एफ १२, एफ ९ किंवा एस्केप दाबून पेनड्राइव्ह निवडा. सेटअपने प्रॉडक्ट की (विंडोजच्या लायसन्सचा क्रमांक) विचारली तर 'माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही' म्हणा, पण आवृत्ती आधीचीच घ्या, होम असेल तर होम. आधीची विंडोज डिजिटल लायसन्सवर (मायक्रोसॉफ्टकडे त्या मशीनच्या नावे नोंदलेल्या परवान्यावर) चालत असेल तर इंटरनेट मिळताच नवी आपोआप ॲक्टिव्हेट होते.

पार्टिशनच्या (डिस्कच्या भागांच्या) पडद्यावर मात्र थांबा. दोन डिस्क असतील तर आकार वाचून खात्री करा. जमलं तर दुसरी काढूनच ठेवा. जुनी पार्टिशनं एकेक डिलीट करा, उरलेली मोकळी जागा निवडा आणि पुढे जा. डिस्कच दिसत नसेल तर घाबरू नका, बऱ्याच नव्या इंटेल लॅपटॉपना तिथे स्टोरेजचा ड्रायव्हर द्यावा लागतो. पहिल्या रीस्टार्टला पेनड्राइव्ह काढा.

डेस्कटॉप आला की आधी सगळे अपडेट, मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह (म्हणजे ड्रायव्हरची अडचण) कुठे उरलंय का ते पाहा, आणि त्यानंतरच फाइली परत आणा. बॅकअपची डिस्क मी महिनाभर तशीच ठेवते.