हसवणारी फँटसी: पहिल्या खर्ड्यापासून गठ्ठे घरी येईपर्यंत

विनोदी फँटसी लिहिताना शब्दांचा आकडा फार फसवतो. साध्या कादंबरीत 'आज पाचशे शब्द झाले' हा हिशेब बऱ्यापैकी चालतो. इथे मात्र दुसऱ्या फेरीत निम्मे विनोद कात्रीत जातात, आणि जादूचा एखादा नियम बदलला की मागची चार प्रकरणं पुन्हा उघडावी लागतात. चाळीस हजार शब्द लिहून झालेलं पुस्तक प्रत्यक्षात वीस टक्केसुद्धा पुढे गेलेलं नसतं, असं सर्रास होतं. म्हणून मोजायचे ते पक्के झालेले प्रसंग. एखाद्या प्रसंगात काय घडतं, कोणता नियम आड येतो आणि हसू कुठे फुटतं, हे तिन्ही ठरलं की तो प्रसंग पक्का धरावा, मग त्याची भाषा अजून ओबडधोबड असली तरी हरकत नाही.

आवाका आधी ठरवून घ्या. स्वतःच्या पैशाने छापायची पहिली विनोदी कादंबरी 45 ते 55 हजार शब्दांत संपवणं शहाणपणाचं. इंग्रजी लेखनशाळांचे लाखभर शब्दांचे आकडे मराठीला लावू नयेत, कारण आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. तेवढीच गोष्ट आपल्याकडे कमी शब्दांत मावते. 1,200 ते 1,500 शब्दांचा एक प्रसंग धरला तर साधारण छत्तीस ते चाळीस प्रसंग होतात. त्यांची यादी एका कागदावर मावली पाहिजे. मावत नसेल तर कथानक अजून सुटसुटीत झालेलं नाही.

आता मुख्य काम, नियमांची वही. फँटसीत काहीही घडू शकतं, हा नवलेखकाचा लाडका गैरसमज. काहीही घडू शकत असेल तर कशाचंच हसू येत नाही. एक उदाहरण घेऊ. नागपुरात तान्ह्या पोळ्याला काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे पीडा गावाबाहेर नेणाऱ्या बाईचे पुतळे, मिरवणुकीने निघते, 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' अशा आरोळ्या उठतात आणि सोबतचे बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, त्या त्या वर्षीच्या पुढाऱ्यांची यथेच्छ टिंगल करतात. व्यंग आणि अद्भुत दोन्ही एकाच मिरवणुकीत आयतं मिळतं, आणि तरी नागपूरचे नवलेखक ड्रॅगन मागवतात ते थेट युरोपातून! तर प्रश्न असा की मारबत नेते ती पीडा जाते कुठे? समजा, शहराच्या पोटात एक आवक-जावक विभाग आहे आणि तिथे प्रत्येक पीडेची नोंद होते. नियम तीन. पीडा मूळ प्रतीतच स्वीकारली जाईल, झेरॉक्स चालणार नाही. एका माणसाची एकच पीडा एका वर्षी जमा होईल. तीन वर्षांत निकाली न निघालेली पीडा अर्जदाराला परत पाठवली जाईल.

वहीत प्रत्येक नियमापुढे दोन रकाने आखावेत. पहिल्यात हा नियम वाचकाला कोणत्या प्रसंगात कळतो ते लिहायचं, दुसऱ्यात तो नायकाला कोणत्या प्रसंगात नडतो ते. दुसरा रकाना रिकामा राहिला तर नियम पुस्तकातून काढून टाकावा, कितीही गोड असला तरी. आणि कळण्याचा प्रसंग नडण्याच्या प्रसंगाच्या आधी हवा, मध्ये किमान तीन-चार प्रसंगांचं अंतर ठेवून. लगेच नडला तर तो सोयीसाठी घुसडल्यासारखा दिसतो, पंधरा प्रसंगांनी नडला तर वाचक विसरलेला असतो. पाच ते सात नियमांवर अख्खी कादंबरी आरामात उभी राहते.

पहिल्या खर्ड्यात विनोदासाठी अडून बसू नये. जिथे हसू हवं पण सुचत नाही, तिथे चौकटी कंसात नुसतं 'वि' लिहून पुढे निघावं. दुसऱ्या फेरीत शोधपट्टीत तो कंस टाकला की सगळ्या जागा एका झटक्यात हाती लागतात. असे कंस पन्नास-साठ निघाले तर काळजी नाही. एकही निघाला नाही तर मात्र पहिल्या खर्ड्यात सुचेल तो विनोद ठोकून दिलेला असण्याची शक्यता जास्त.

दुसऱ्या फेरीत काय करायचं ते एका वाक्यावर बघू. खर्ड्यात असं आलेलं असतं: 'राक्षसाने पावती मागितली, कारण त्याने तिघांना गिळलं होतं आणि त्याला वरती हिशेब द्यायचा होता.' यात गंमत पहिल्या तीन शब्दांत संपली आणि उरलेलं वाक्य तिचं स्पष्टीकरण देत बसलं. 'कारण' काढा, क्रम घडल्यासारखा लावा: 'राक्षसाने तिघांना गिळलं, मिशा पुसल्या आणि खिडकीपुढच्या रांगेत जाऊन उभा राहिला. त्याला पावती हवी होती. तिघांची वेगवेगळी.' हसू येतं ते शेवटच्या दोन शब्दांना. विनोदाचा शब्द वाक्याच्या टोकाला ठेवायचा आणि त्यानंतर कुणालाही हसू द्यायचं नाही, पात्राला तर मुळीच नाही. 'सगळे खो-खो हसले' हे वाक्य संपूर्ण हस्तलिखितातून शोधून उडवावं.

तिसरी फेरी भाषेची. नागपुरी बोली वापरणार असाल तर कोण बोलणार हे सुरुवातीलाच ठरवा. गडी, पानवाला आणि चोर यांच्याच तोंडी 'काहून बे' घालून हशा मिळवायचा जमाना गेला, आणि विदर्भातल्या वाचकाला तो खटकतो. त्यापेक्षा उलटं करून पाहावं. सर्वोच्च अधिष्ठात्री देवता म्हणते, 'काहून जी, हा खोकला परत आणून राहिले तुम्ही?' आणि समोरचा कारकून तिला शुद्ध पुस्तकी मराठीत नियम ऐकवतो. बोलीतल्या शब्दांचं लेखन एकसारखं ठेवण्यासाठी वेगळी यादी करावी. 'कुठं' की 'कोठी', 'राहिला' की 'रायला', जे ठरेल ते शेवटपर्यंत. तीच यादी पुढे मुद्रितशोधकाला द्यायची, कल्पित नावांसकट. नाहीतर तुमच्या 'खंकाळ' नावाच्या राक्षसाचा तो प्रामाणिकपणे 'कंकाल' करून ठेवतो.

तळटीपांचा मोह या प्रकारात हमखास होतो. पंधरा-वीसच्या वर जाऊ नका, आणि प्रत्येक टीप दोन ओळींत संपवा. कारण तांत्रिक आहे. अनेक छोट्या डीटीपीवाल्यांकडे अजून पेजमेकर हे पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर चालतं आणि त्यात तळटिपांची आपोआप सोय नाही. एक ओळ इकडची तिकडे झाली की सगळ्या टिपा हाताने हलवाव्या लागतात आणि तिथेच आकडे चुकतात. ई-बुकमध्ये टीप दुव्यावर बोट ठेवल्यावर उघडते, म्हणजे विनोदाची वेळ हुकलीच.

वाचून घ्यायला पाच-सहा जण पुरेत: दोन फँटसी वाचणारे, दोन ती अजिबात न वाचणारे, एक व्याकरणाचा काटेकोर. हस्तलिखित दुप्पट ओळींच्या अंतराने ए-फोर कागदावर काढून द्यावं आणि 'कसं वाटलं' असं चुकूनही विचारू नये. समासात तीनच खुणा करायला सांगाव्यात: हसू आलं तिथे 'ह', कंटाळा आला तिथे 'कं', कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह. सलग दहा पानांत एकाही प्रतीवर 'ह' नसेल तर तो प्रसंग पुन्हा लिहायला घ्या. दोघांचं प्रश्नचिन्ह एकाच जागी आलं तर दोष बहुधा त्या जागेत नसतो. आधीचा कुठलातरी नियम नीट सांगितला गेलेला नसतो.

अक्षरजुळणी. लिहिताना युनिकोडच वापरा. छापखाना श्री-लिपीसारख्या जुन्या संकेतप्रणालीत मजकूर बदलून घेणार असेल तर रूपांतरानंतर 'दुसऱ्या', 'वाऱ्या' यांतला ऱ्य, 'ॲ' आणि 'ऑ', मात्रेसह रफार आणि अवतरणचिन्हं एकेक करून तपासावी लागतात. शक्यतो इनडिझाइन या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोडवर काम करणारा जुळारी गाठावा. त्यात वर्ल्ड-रेडी कंपोझर, म्हणजे भारतीय लिप्या नीट जुळवणारा पर्याय, चालू केलेला नसला तर जोडाक्षरं फुटतात, एवढं पहिल्याच प्रुफात बघून घ्यावं. टंक निवडताना मराठी वळणाचे ल आणि श आहेत ना, हेही पाहावं. हिंदी वळणाचं अख्खं पुस्तक मराठी वाचकाला का खुपतंय ते त्याला सांगता येत नाही, पण खुपतं.

आकार डेमी, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. अकरा किंवा बारा पॉइंटात एका पानावर अडीचशे ते पावणेतीनशे शब्द बसतात, म्हणजे पन्नास हजार शब्दांची साधारण 192 पानं. छपाई सोळा पानांच्या फॉर्मांत होते, 192 म्हणजे बरोबर बारा फॉर्म. मजकूर 195 पानांवर गेला तर तेरावा फॉर्म लागतो आणि तेरा पानं कोरी राहतात. तेव्हा तीन पानं कापणं स्वस्त. आतला कागद सत्तर जीएसएमचा (जीएसएम म्हणजे दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये वजन), किंचित पिवळसर नॅचरल शेड. मुखपृष्ठाला 300 जीएसएमचं आर्ट कार्ड, वर मॅट लॅमिनेशन. पुस्तकाच्या कण्याची जाडी अंदाजाने सांगू नका. त्याच कागदाची कोरी डमी बांधून घ्या आणि मोजा, मगच चित्रकाराला माप द्या. नागपूरच्या मे महिन्यात टिनाच्या छपराखाली रचलेल्या गठ्ठ्यांचे कणे वाकतात, तेव्हा साठा घरात, आडवा आणि पाच-सहाच्या थरांत ठेवा.

मुखपृष्ठाच्या चित्रकाराशी करार लेखीच हवा. कॉपीराइट कायदा 1957 नुसार हक्क लेखी हस्तांतरित होतात, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं, प्रदेश लिहिलेला नसेल तर तो फक्त भारत धरला जातो. सहाव्या वर्षी दुसरी आवृत्ती काढताना हे आठवून उपयोग नसतो. मजकुरावरचा तुमचा हक्क मात्र लिहिताक्षणी तुमचा आहे, नोंदणी ऐच्छिक आहे.

पैशांचा हिशेब उदाहरणानेच कळेल. समजा 500 प्रतींची ऑफसेट छपाई प्रतीमागे 80 रुपयांत बसली, म्हणजे 40,000. जुळणी, मुद्रितशोधन आणि चित्र मिळून 25,000. एकूण 65,000. किंमत छपाईच्या चौपट, 320 रुपये. वितरकाला 45 टक्के सूट दिली की हाती 176 येतात, म्हणजे 370 प्रती खपल्यावर खर्च निघतो. स्वतः वीस टक्के सवलतीत विकल्या तर 256 हाती येतात आणि 254 प्रतींवर हिशेब जुळतो, टपालखर्च सोडून. वितरकाकडे माल बहुतेक परतबोलीवर जातो आणि पैसे महिनोन्महिने येत नाहीत, ते धरूनच चालावं. पहिल्या खेपेला 300 प्रतीच छापायचा विचार असेल तर डिजिटल छपाईचाही दर मागवा. प्रतीमागे महाग पडते, पण पलंगाखाली दोनशे प्रती उरत नाहीत. छापखाने दिवाळी अंकांत गुंतलेले असताना, म्हणजे पोळा ते दिवाळी, नवख्याचं पुस्तक मागे पडतं. काम आधी द्या, किंवा सरळ नोव्हेंबरनंतर.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, भारतात मोफत मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर स्वप्रकाशित लेखक म्हणून अर्ज करता येतो. तो विकत देणारे दलाल भेटतील, त्यांना नमस्कार करावा. अर्ज छपाईच्या बऱ्याच आधी टाका, कारण क्रमांक आल्याशिवाय मागचं मुखपृष्ठ पुरं होत नाही. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ई-बुकवर आहे. किंडलवर मराठी ई-बुक काढता येतं. मुखपृष्ठ 1600 बाय 2560 पिक्सेलचं असावं. भारतातल्या विक्रीवर 70 टक्के मानधन हवं असेल तर केडीपी सिलेक्ट या ॲमेझॉनच्या योजनेत जावं लागतं आणि तिथे 90 दिवसांसाठी ई-बुक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही. म्हणजे तेच प्रकरणवार प्रतिलिपी या कथा-कादंबऱ्यांच्या संकेतस्थळावर ठेवलेलं असेल तर आधी उतरवावं लागेल. नवलेखक नेमके इथे अडकतात, कारण वाचक त्यांनी प्रतिलिपीवरच जमवलेले असतात.

पुस्तक हाती आलं की तीस दिवसांच्या आत राष्ट्रीय ग्रंथालय, कोलकाता इथे आणि ग्रंथालयांना प्रती देण्याच्या 1954 च्या कायद्यातल्या इतर सार्वजनिक ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. खरी विक्री मात्र गावोगावच्या अनुदानित वाचनालयांत आहे. ती अ ते ड वर्गांतली असतात आणि ग्रंथखरेदीचं अनुदान त्यांना मिळतं. जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवात ग्रंथपाल एकत्र भेटतात, तिथे दुकान मांडण्यापेक्षा त्यांच्या हाती यादी आणि बिलाचा नमुना देणं जास्त कामाचं. सीताबर्डीतल्या विदर्भ साहित्य संघाच्या कार्यक्रमांना श्रोता म्हणून वर्षभर आधीपासून जात राहिलात तर प्रकाशनाला खुर्च्या भरतात. दीक्षाभूमीवर दसऱ्याला पुस्तकांची प्रचंड विक्री होते म्हणून तिथे राक्षसांची कादंबरी घेऊन जाऊ नका. तो वाचक वेगळ्या पुस्तकांसाठी लांबून येतो.

पहिलं पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना छपाईच्या आधी पाहावी, कारण ती हस्तलिखितासाठी आहे. राज्य वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचा वेगळा विभाग असतो आणि तिथे वर्ष धरलं जातं ते पुस्तकावर छापलेलं. डिसेंबरअखेर बांधणी होत असेल तर 'पहिली आवृत्ती' खाली कोणतं वर्ष छापायचं, ते शेवटच्या प्रुफाच्या वेळीच जुळाऱ्याला सांगून ठेवा.