कृष्णेच्या कडेकडेनं सायकलवर: निघायच्या आधी काय काय बघायचं

जुन्या महाबळेश्वरपासून साताऱ्याजवळच्या संगम माहुलीपर्यंत सायकलनं जायचं म्हटलं की प्रत्येकाचा पहिला प्रश्न, झेपेल का. झेपेल हो! आपण नदीबरोबर खाली उतरत जातो, महाबळेश्वर साधारण 1,370 मीटरवर आणि वाई सातशेच्या आसपास, मधेमधे चढ आहेत पण रडवणारे नाहीत, आणि तीन दिवस घेतले तर रोजचं अंतर तीस-चाळीस किलोमीटरच्या वर जात नाही. इथे मांड्यांपेक्षा ब्रेक जास्त लागतात, म्हणून यादी तिथूनच सुरू करतो.

पाचगणी ते वाई म्हणजे पसरणी घाट, दहा-बारा किलोमीटर जवळजवळ सलग उतार. निघायच्या आदल्या आठवड्यात ब्रेकपॅड स्वतः बघा, खाचा पुसट झाल्या असतील तर सरळ नवीन टाका, शे-दोनशे रुपयांसाठी चिंधीगिरी नको. माझी साधी रिमब्रेकवाली सायकल, सर्व्हिसिंग करून आणलेली, दुकानात 'सगळं चेक केलंय' म्हणाले म्हणून मीही वाकून बघितलं नाही, आणि घाटाच्या मधोमध मागच्या चाकातनं धातूवर धातू घासल्यासारखा कर्रर्र आवाज. रिमला बोट लावलं तर चटका बसला. अर्धा घाट सायकल हातात धरून उतरलो आणि एसटीच्या खिडकीतनं पोरं टाटा करत होती. तर ब्रेक दाबून धरून ठेवायचा नाही, दाबा-सोडा दाबा-सोडा, नाहीतर रिम तापून ट्यूब फुटते, आणि दर दोन-तीन किलोमीटरला थांबायचं. खाली वाईचं खोरं पसरलेलं असतं, त्यामुळे थांबायला निमित्त शोधावं लागत नाही.

ब्रेक झाले की बाकी सायकलचं सामान नेहमीचंच, दोन ट्यूब, पॅच, टायर लिव्हर, पंप, अ‍ॅलन कीचा सेट, चेनला तेल आणि एक जुनं फडकं. हेल्मेट हवंच, त्यावर वाद नको.

दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात जायची हौस मला कळते, पण वर धो धो पाऊस आणि धुकं, घाटात ओला रस्ता, आणि खाली पाणी वाढलं की वाईचे घाट बुडतात, मग बघणार काय? उलट ढोल्या गणपतीच्या मंदिराची मागची भिंत हिवाळ्यात निवांत बघा, सरदार रास्त्यांनी 1762 मध्ये बांधलेलं देऊळ, भिंत माशासारखी निमुळती केलीय, पुराचं पाणी त्यावर आपटून दोन्हीकडून फुटून जावं म्हणून. बहुतेक लोक समोरून दर्शन घेऊन निघून जातात.

थंडीचं म्हणाल तर पहाटे जुन्या महाबळेश्वरात बोटं आखडतात, फुल ग्लोव्हज आणि विंडचीटर हवंच, वाईत उतरेपर्यंत ते काढून कुठेतरी कोंबावं लागतं म्हणून बॅगेत तेवढी जागा मोकळी ठेवा. जंगलाचा पट्टा म्हणजे महाबळेश्वर सोडल्यावरचा. जांभूळ, हिरडा, अंजनी, रस्त्यावर भर दुपारी सावली, नशीब असेल तर शेकरू. पण माकडांपासून सावध, केळी हँडलला लटकवलेल्या पिशवीत ठेवायची नाहीत. आणि संध्याकाळनंतर तिथे रेंगाळायचं नाही, गवा रस्त्यावर येतो.

आता चपला. हसू नका, ही या यादीतली दुसरी महत्त्वाची गोष्ट आहे. पंचगंगा मंदिर, तिथून चालत कृष्णाबाईचं देऊळ (हे चुकवू नका, काळ्या दगडाचं, गर्दी नसते, गोमुखातनं पाणी पडत असतं), वाई, मेणवली, धोम, माहुली, दिवसातनं दहा वेळा पायातलं काढायचं असतं. लेसवाल्या बुटांनी जीव जातो आणि क्लीटवाले (पेडलला अडकणारे) बूट घाटाच्या ओल्या फरशीवर म्हणजे कपाळमोक्ष. पट्ट्याची सँडल घ्या. सोबत एक पंचा किंवा पातळ ट्रॅकपँट, सायकलच्या चड्डीवर गाभाऱ्यासमोर उभं राहायला आपल्यालाच कसंतरी वाटतं, आणि घाटावर पाय बुडवल्यावर पुसायलाही तोच पंचा.

कुलूप चांगलं घ्या कारण मेणवलीत सायकल वर वाड्यापाशी राहते आणि तुम्ही खाली घाटावर तासभर बसणार. नाना फडणवीसांचा वाडा, आणि घाटावर चिमाजी अप्पांच्या 1739 च्या वसईच्या स्वारीतून आलेली पोर्तुगीज घंटा. धोमला नंदी कासवाच्या पाठीवर आहे, भोवती कुंड, त्यात पाणी असलं की कासव तरंगतंय असंच वाटतं.

तिसऱ्या दिवशी पाचवडपर्यंत आतला रस्ता, पुढे काही भाग हायवे, तिथे मागे लाल ब्लिंकर दिवसासुद्धा चालू, सर्व्हिस रोड मिळेल तिथे तोच. लिंबची बारा मोटेची विहीर वाट वाकडी करून बघायची. पाण्याच्या दोन बाटल्या, ओआरएस, चिक्की, सुटे पैसे, कारण गावातल्या चहावाल्याकडे रेंज असेलच असं नाही.

संगम माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते. दोघींचा उगम महाबळेश्वरचाच, एक पाचगणीच्या डोंगराच्या अलीकडनं आली, एक पलीकडनं, आणि आपण एकीच्या मागे लागून इथवर आलो. शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी इथेच आहे म्हणतात, विचारलं की कोणीही दाखवतं. रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे.

परतीचं आधीच ठरवा, आयत्या वेळी सायकल घेणारी गाडी मिळत नाही. बसच्या डिकीत घालायची तर पुढचं चाक काढून, चेनची बाजू वर, जुन्या चादरीत गुंडाळून. आणि कंदी पेढ्यांचा बॉक्स त्या चादरीत ठेवू नका, तेलाचा वास लागतो.